चोरखाणीत चांदी नव्हती

खाप्याहून पुढे, कन्हान ओलांडून गेलं की एक पांढुरकी टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी पाण्यानं भरलेला एक खोल खड्डा आहे. आसपासची माणसं त्याला चोरखाण म्हणतात. नवख्या माणसाला सांगतात की इथे चांदी निघायची, मुकादमानं ती खाल्ली आणि खाण बुडाली. मी आता ऐंशी ओलांडली आहे. ही गोष्ट खोटी आहे, एवढंच सांगायला मी लिहायला बसलो आहे. त्या खाणीत चांदी नव्हती, तेव्हा ती कोणी चोरलीही नाही. हे मला माझ्या तरुणपणापासून ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ आपल्या पुतण्याच्या सोयरिकीबद्दल सांगत होते. कामठीची मुलगी होती, शिकलेली, दिसायला चांगली, सगळं पसंत पडलं होतं. "मग चौकशी केली तर चांदीचोराच्या खानदानातली निघाली. मोडून टाकलं." ते हसत हसत सांगत होते. मी विचारलं, कोणता चांदीचोर? "अहो, तो खाणीवाला मुकादम. तुमच्याच काळातला असेल." मी जेवण तसंच टाकून उठलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला मिरचीचा ठसका लागला.

आमचं घर नागपूरच्या इतवारीत, सराफ्याच्या मागच्या गल्लीत. दागिने घडवणं आमच्याकडे नव्हतं, चांदी शुद्ध करणं हा आमचा धंदा. सोनार मोडीची चांदी, तुटके वाळे, दुकानातला केरसुद्धा आणून देत आणि माझे वडील त्यातून निर्मळ चांदी काढून देत. हाडांच्या राखेच्या थाळ्यात चांदी आणि शिसं एकत्र वितळवायचं आणि वरून भात्याचा वारा द्यायचा. शिसं जळतं आणि सगळा मळ सोबत घेऊन राखेत मुरतं. शेवटी एक चमक उठते आणि राखेवर चांदी उरते. ती राख कोणी फेकत नाही. पुन्हा भट्टीत घालून तिच्यातलं शिसं परत काढतात आणि पुढच्या आटणीला तेच वापरतात. आमच्या घरी शिसं बाजारातून आणलेलं मला आठवत नाही. आजोबांच्या वेळचं शिसंच फिरत फिरत वडिलांपर्यंत आलं होतं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो. घराण्यातला पहिलाच. शिक्षण संपवून घरीच बसलो होतो, तेव्हा खाप्याकडचे एक मालगुजार वडिलांकडे आले. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा, आणि गावापुरता राजाच. त्यांनी रुमालाची गाठ सोडून काही खडे पुढे ठेवले. काळसर, चौकोनी, आरशासारखे चकचकीत.

"आमच्या गावच्या बाया हा गोटा कुटून सुरमा करतात," ते म्हणाले. "परवा एक साहेब शिकारीले आला, तो म्हणे यात चांदी राहते. पाहून द्या ना, शेठ."

वडिलांनी ते काम माझ्याकडे सरकवलं. "आता आमचा शिकलेला पाहील."

मी खडा कुटला, टाकणखार घातला, घरचं शिसं घातलं, मुशीत वितळवलं आणि ते शिसं राखेच्या लहान वाटीत तापत ठेवलं. शेवटी चमक उठली. वाटीच्या तळाशी राजगिऱ्याएवढा पांढरा दाणा होता. वडिलांनी भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "चांदीच आहे." ती चांदीच होती. ती कुठून आली, हे आम्हा दोघांपैकी कोणी स्वतःला विचारलं नाही.

पुढे कितीतरी वेळा मी ती टेकडी पाहिली. नागपुरापासून पश्चिमेला जमीन काळी, तिच्याखाली काळा पाषाण. खाप्याकडे तो संपतो आणि त्याहून फार जुना दगड वर येतो. अभ्रकानं चमचमणारे पापुद्रे, संगमरवरासारखा पांढरा चुनखडक आणि मधूनमधून मँगनीजचे काळेकुट्ट पट्टे. त्या काळी मँगनीजसाठी टेकड्याच्या टेकड्या पोखरल्या जात होत्या. मालगुजारांच्या टेकडीत मँगनीज नव्हतं. पांढऱ्या दगडातून गारगोटीची एक शीर तिरपी खाली गेली होती, कुठे मनगटाएवढी, कुठे बोटाएवढी, आणि तिच्यात हे शिशाचे खडे जडलेले. हातात घेतला तर आकाराच्या मानानं फार जड. फोडला तर चौकोनीच फुटायचा. जुन्या राजवटीत तिथून बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसं काढत, असं गावात म्हणत. शिशाच्या दगडात थोडी चांदी असते हे पुस्तकातही होतं. म्हणून तर माझ्या दाण्याचं कोणाला नवल वाटलं नाही.

मालगुजारांनी सरकारी परवानगी काढली आणि मँगनीजच्या खाणीतून एक मुकादम आणला. उंच, चाळिशी गाठलेला, सदा थट्टेच्या सुरात बोलणारा. मी पहिल्यांदा खाणीत उतरायला निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर टोपी होती.

"बाबू, टोपी वरच ठेवून या," तो म्हणाला. "खाली सूर्य नाही राहत."

टोपल्या वाहणाऱ्या बाया खदखदून हसल्या. मी टोपी काढली. त्यानं ती एका दगडावर नीट ठेवली आणि मला हाताला धरून उतरवलं.

शिरेच्या मागोमाग मजूर खाली खाली जात. पुरुष पहार आणि घणानं दगड फोडत, बाया टोपल्यांनी वर आणत, पाणी मोटेनं उपसत. वर आलेला दगड हातानं निवडून छपरीत ढीग लावायचे. छपरीला कुलूप होतं आणि किल्ली मुकादमाकडे. प्रत्येक ढिगातला थोडा थोडा दगड तो फडक्यात बांधून छोट्या रेल्वेगाडीनं नागपूरला पाठवायचा. मी परीक्षा करायचो. दर वेळी दाणा निघायचा.

हे दाणे बाजारच्या चांदीत मिसळून मालगुजारांनी देवीचा टाक घडवून घेतला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवीची मूर्ती, ती एरवी देवघरात असते. हा टाक त्यांनी खाणीच्या तोंडाशी कोनाड्यात बसवला. माणसं त्याला हात लावून खाली उतरत. मालगुजारांनी आपली संत्र्याची बाग विकून टेकडीत घातली होती. त्या टाकाकडे पाहताना त्यांचा चेहरा मऊ होत असे.

छपरीत पुरेसा दगड साठला तेव्हा खाणीवरच मोठी आटणी करायचं ठरलं. मी भट्टी बांधून घेतली. बाहेरून शिसं घालायची गरजच नव्हती, कारण दगडात ते भरपूर होतं. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. सकाळपासून गाव जमलं होतं. मालगुजारांच्या घरच्या बाया गाडीतून आल्या होत्या, नारळ फुटला होता. शिसं वितळलं, राखेच्या मोठ्या थाळ्यात उतरलं, दोन भाते चालू झाले. थाळ्यातलं शिसं आटत आटत तळाशी आलं. सगळे चमक पाहायला पुढे वाकले.

चमक झालीच नाही. राखेवर मोहरीएवढाही दाणा नव्हता. कुठेतरी एक ठिपका, तोही शोधावा लागला.

मागून कोणीतरी म्हणालं, "चांदी लाजली वाटते." कोणी हसलं नाही. मालगुजार थाळ्यावर वाकले होते. मग त्यांनी मान वर केली आणि छपरीच्या कुलपाकडे पाहिलं.

त्यांचा तर्क सरळ होता. नागपूरला आलेल्या दगडात चांदी होती, छपरीतल्या दगडात नव्हती. तेव्हा चांदीचा दगड कोणीतरी काढून नेला आणि हलका दगड ठेवला. किल्ली एकाकडेच होती. मुकादमाची बायको हातात चांदीच्या पाटल्या घालून गर्दीत उभी होती. त्या तिच्या माहेरच्या होत्या, पण आता सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. तिनं हात पदराखाली घेतले आणि तेही लोकांनी पाहिलं.

मालगुजार वाईट माणूस नव्हते. त्यांनी मारहाण केली नाही, पोलीस बोलावले नाहीत. ते मुकादमाला टाकासमोर घेऊन गेले.

"देवीवर हात ठेव," ते म्हणाले. "शपथ घेऊन म्हण, या खाणीतला एक गोटाबी मी घरी नेला नाही. म्हटलं का झालं. मंग मी तुले काही पुसणार नाही."

मुकादमानं हात उचलला. टाकापाशी नेला आणि तिथेच थांबवला.

"मालक, असं नाही म्हणता येत."

"काहून?"

"एक नेला हाय."

गर्दी पुढे सरकली. मालगुजारांचा आवाज एकदम खाली आला. "कायले नेला?"

"पोरीचे डोळे आले होते. बायकोनं सुरम्यासाठी मांगितला. मुठीत मावन एवढाच होता."

मागे एक बाई बोलून गेली, "अवं माय, आमीबी तं नेला!" तिच्या नवऱ्यानं तिला दंडाला धरून मागे ओढलं. "चूप बस. तुले कोणी पुसलं का?"

त्या गावात तो दगड घरी नेणं ही चोरी नव्हतीच. बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याचा सुरमा घालत आल्या होत्या. शपथ फक्त "चांदी चोरली नाही" अशी असती, तर तो हसत हसत हात ठेवून मोकळा झाला असता. मालगुजारांनी शब्द वापरले "एक गोटाबी", आणि देवीसमोर खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"आज एक म्हणतो," कोणीतरी म्हणालं. "उद्या गाडीभर म्हणन."

"देवीनंच वदवलं," दुसरा म्हणाला.

मुकादम माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात अजून भीती नव्हती. "बाबू, तुमी सांगा ना. मी पाठवलेले गोटे आन इथले गोटे एकाच शिरेचे हायेत. एखाद वक्ती तुमची परीक्षा चुकली असन."

मालगुजारांनी मला विचारलं, "चुकू शकते का?"

मी म्हणालो, "नाही."

मुकादम माझ्याकडे पाहून नुसतं "बरं" म्हणाला. त्यानं कमरेची किल्ली काढून मालगुजारांच्या पायाशी ठेवली आणि बायकोला घेऊन घराकडे गेला. लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली, अंगाला अंग लागणार नाही इतकी मोठी.

तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं. माझ्या बाजूची एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती आठवडाभरही टिकली नाही.

नागपूरला परतल्यावर मला चोरी पक्की सिद्ध करायची होती. खाणीबाहेर टाकून दिलेल्या पांढऱ्या दगडाचा एक तुकडा मी सोबत आणला होता. त्यात शिसं नाही, चांदी असण्याचा प्रश्नच नाही. त्याची परीक्षा केली की वाटी रिकामी निघेल. मग मालगुजारांना सांगता येईल, बघा, ज्यात नाही त्यात माझी परीक्षा नाहीच म्हणते. मी तो तुकडा कुटला, नेहमीसारखं घरचं शिसं घातलं आणि आटणी केली. वाटीत दाणा होता. नेहमीएवढाच. मी दगड बाजूला ठेवून नुसतं शिसं वाटीत घातलं. पुन्हा दाणा.

आमच्या शिशातच चांदी होती. गिऱ्हाइकांच्या चांदीतली दर आटणीला कणभर शिशासोबत राखेत जायची, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती तिथेच साचत आली होती. खाणीची म्हणून मी तोललेली चांदी आमच्याच दुकानाची होती. विलायतेतून येणारं शुद्ध शिसं मी वापरलं असतं, किंवा परक्या कोणी ही परीक्षा केली असती, तर ही चूक झाली नसती. ती चूक चांदी गाळणाऱ्याच्या घरातच होऊ शकत होती.

वडील कारखान्यात भात्यापाशी बसले होते. दुपारची वेळ होती, कारागीर जेवायला गेले होते. मी दोन्ही दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि सांगितलं. त्यांनी दाणे बोटानं उलटून पाहिले.

"कोणाले सांगितलं का?"

"नाही."

"सांगू नको."

"बाबा, तो माणूस..."

"मले समजते," ते म्हणाले. "पण तू सांगशील का आमच्या शिशात चांदी होती, तं सराफा काय म्हणन? म्हणन, आमची चांदी याच्या शिशात राहून जात होती आन हे गप्प होते. तीन पिढ्या चोर ठरू आपण. लहान बहिणीचं लग्न आहे तुझ्या."

म्हणजे आम्हाला कोणी चांदीचोर म्हणू नये, म्हणून दुसऱ्याला म्हणू द्यायचं. आम्ही हे असं उघड बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही. वडिलांनी भात्याचा दांडा पुन्हा हातात घेतला आणि मी घरात गेलो. त्यांच्यावर सगळं टाकून मला मोकळं होता येणार नाही. त्यांचं बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

बहिणीचं लग्न झालं की मालगुजारांकडे जाऊन सांगेन असं मी ठरवलं. मग दिवाळी झाली की. तोवर मुकादम गाव सोडून कामठीला गेला होता. त्याच्या भाऊबंदांनी त्याला पंगतीत घेणं बंद केलं, मँगनीजच्या खाणीवरही त्याला कोणी उभं करेना. मालगुजारांनी आणखी थोडं खोदून पाहिलं. शीर बारीक होत गेली, दोऱ्याएवढी झाली आणि पांढऱ्या दगडात विरली. मोट थांबली, पाणी चढलं. टाक मालगुजारांच्या घरी परत गेला. खाणीला नाव पडलं ते तेव्हाच.

मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. मुलांना सांगायचो, कोणतीही परीक्षा करण्याआधी पदार्थ न घालता एकदा करून पाहा. मुलं वहीत लिहून घेत. मालगुजार वारले, वडील वारले, कारखाना बंद झाला. ज्यांच्या लाजेसाठी गप्प होतो त्यातलं कोणी उरलं नाही, तरी मी गप्पच होतो. तोवर मला मुकादमाची भीती वाटू लागली होती. कामठीला कामानिमित्त जावं लागलं की मी काम उरकून मान खाली घालून स्टेशन गाठायचो.

मागच्या हिवाळ्यातल्या त्या पंगतीनंतर मी मुकादमाच्या घरचा पत्ता काढून कामठीला गेलो. मुकादम आणि त्याची बायको जाऊन खूप वर्षं झाली होती. मुलगी होती, तीच जिचे डोळे आले होते. तीही आता नातवंडांची आजी. घरात मागाचा खडखडाट चालू होता. तिनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं. मी रडलो. ती रडली नाही.

"बाबा इथं छावणीत मजुरी करे," ती म्हणाली. "माय आखरीपर्यंत म्हणे, मी तो गोटा मांगितला नसता तं. तिले वाटे सारं तिच्यापायी झालं."

मला याची कल्पना नव्हती. एवढ्या वर्षांत मी फक्त त्याचाच विचार केला होता.

"मी काय करू, बाई?" मी विचारलं. "तुम्ही सांगाल ते करतो."

"गावात येऊन सांगान का? साऱ्यायच्या समोर?"

आम्ही दोघं बसनं खाप्याला आणि तिथून पुढे त्या गावी गेलो. पारावर काही म्हातारे आणि बरीच तरुण पोरं बसली होती. मी उभा राहिलो आणि शिशाचं, राखेचं, दाण्याचं सगळं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. ती माझ्या बाजूला उभी होती.

एक पोरगा म्हणाला, "म्हणजे आबाजी, आमच्या टेकडीत चांदी नाहीच?"

"नाही."

"मंग एवढा खड्डा कायले केला? लोक पागल होते का?"

सगळे हसले. एक म्हातारा तपकीर ओढून म्हणाला, "माझा बाप तिथं घण मारे गा. त्यानं सोता पाह्यली चांदी. देवीचा टाक त्याच चांदीचा तं होता."

मी पुन्हा समजावलं. टाकातले दाणे आमच्या शिशातले होते म्हणून सांगितलं. ते माझं बोलणं ऐकत होते पण त्यांचे डोळे टेकडीकडे होते. गावाकडे सांगण्यासारखी ती एकच गोष्ट होती आणि मी ती काढून घ्यायला आलो होतो. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, अगदी गमतीनं, मनात काही विष न ठेवता:

"आबाजी, परीक्षा करणारे तुमीच होते ना? मंग तुमालेबी हिस्सा भेटला असन!"

हशा झाला. "म्हणून दोघं संगं आले!" दुसरा म्हणाला. मुकादमाच्या मुलीनं पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला आणि मला म्हणाली, "चला, बाबूजी. गाडी सुटन."

तिथे बोलून जे झालं नाही ते निदान लिहून ठेवावं, म्हणून हे लिहिलं आहे. जे सोयरिकी जोडतात आणि मोडतात त्यांच्यातल्या कोणाच्या हाती हे पडलं, तर त्यांनी एवढं वाचावं. त्या माणसानं मूठभर सुरम्याचा दगड नेला होता आणि विचारल्यावर तसं सांगितलं होतं. त्याच्या घराण्याला नाव ठेवण्यासारखं दुसरं काही घडलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. सावनेर मागे पडलं. मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "त्या वक्ती, तुमाले समजलं तवाच तुमी येऊन सांगितलं असतं, तं मालकानं मानलं असतं का?"

मला वाटलं, नसतं मानलं म्हणावं. तिला बरं वाटेल, मलाही.

"मानलं असतं," मी म्हणालो. "मी परीक्षा करणारा होतो. माझ्या शब्दावरच तर सगळं चाललं होतं."

"मंग आमी गावातच राह्यलो असतो."

"हो."

तिनं मान हलवली. कंडक्टर आला तेव्हा तिनं आपल्या गाठीतले पैसे काढून स्वतःचंच तिकीट घेतलं, आणि मी माझं.